बारावी कॅसेट

आईला आकडे विसरता येत नाहीत. सिलिंडर कुठल्या तारखेला लावला, दूधवाल्याचे किती दिवस खाडे झाले, आमच्या ताईच्या लग्नात किती पानं उठली, सगळं तोंडपाठ. त्यामुळे गेल्या महिन्यात फोनवर, वांगी महाग झालीत आणि शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ह्या दोन बातम्यांच्या मधे ती सहज बोलावं तसं म्हणाली, "त्या बारा कॅसेट आल्या का रे कन्व्हर्ट होऊन?" तेव्हा मला एकदम घाम फुटला. एक तर ती गोष्ट आता तरी ती विसरली असेल असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं. आणि दुसरं म्हणजे, बारा?

मी अकरा टाकल्या होत्या.

सांगायचं तर २०१९ पर्यंत मागे जावं लागेल. ज्यांनी सांगलीचा पूर बघितलाय त्यांना काही सांगायला नको. तो कोकणातल्यासारखा एका रात्रीत अंगावर येत नाही, फूट फूट चढतो. माणूस दर तासाला फोनवर विचारतो, आयर्विन पुलाला किती झालं, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, आणि ह्या सगळ्या आकडेमोडीत सामान हलवायचे दोन दिवस निघून जातात. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागातल्या घरात बाबांनी २००५ च्या पुराची खूण ऑइल पेंटनं भिंतीवर करून ठेवली होती, लाल रेघ आणि खाली तारीख. आम्ही सगळं सामान मोठ्या शहाण्यासारखं त्या रेघेच्या वर दीड फूट रचलं. कॅसेटची पत्र्याची ट्रंक तर सगळ्यात वरच्या फळीवर. आई कागदपत्रांची पिशवी घेऊन विश्रामबागेत मावशीकडे गेली आणि दोन दिवसांनी कळलं की लाल रेघ पाण्याखाली कुठल्या कुठे गेलीय. बाबा तोपर्यंत गेलेले होते, २०१७ ला. ते असते तर ट्रंक विश्रामबागेला आली असती, एवढं मात्र नक्की. आई गेली असती की नाही माहीत नाही.

त्या कॅसेट म्हणजे बाबांचा संसार होता, आमच्या संसाराला समांतर. १९९३ मधे त्यांनी मिरजेच्या एका शूटिंगवाल्या मित्राकडून सेकंडहँड कॅमेरा घेतला, तो खांद्यावर ठेवायचा अजस्र पॅनासॉनिक, ज्यात आख्खी व्हीएचएस कॅसेट बसायची. तेव्हा आमच्याकडे फ्रीज नव्हता. आईनं ह्या गोष्टीचा उल्लेख पुढची चोवीस वर्षं केला. बाबांनी त्या कॅमेऱ्यानं बारशी, डोहाळजेवणं, गणपती, औदुंबरची सहल, कुणाकुणाच्या मुंजी असं जे दिसेल ते काढलं, प्रत्येक कॅसेटवर स्केचपेननं नंबर घातला आणि एका लांबट हिशेबाच्या वहीत त्या नंबरापुढे काय आहे ते लिहिलं. पस्तीस नंबर. वही कागदपत्रांच्या पिशवीत होती म्हणून वाचली. बाबांच्या डोक्यात घराचे उतारे, बँकेची पासबुकं आणि कॅसेटची वही ह्यांची किंमत एकच होती.

पाणी आठवडाभर बसलं आणि मग उतरलं. उतरल्यावरचा वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल, कुजलेलं धान्य, रॉकेल, गटार आणि ह्या सगळ्यावर नदीचा एक थंड मातकट वास जो खरं तर वाईट नसतो आणि म्हणूनच जास्त त्रास देतो. घरभर घोट्याएवढा गाळ. मी पुण्याहून सुट्टी टाकून आलो होतो, चार दिवस फावड्यानं गाळ ओढत होतो. पंचनाम्याला आलेले भाऊसाहेब चांगले होते बिचारे, गादी किती, भांडी किती, टीव्ही किती विचारत लिहीत होते. ट्रंक उघडी पडलेली बघून म्हणाले, "ह्या काय, कॅसेट? लिहू का?" मी म्हणलं राहू द्या. त्यांनी पण लिहिल्या नाहीत.

ट्रंकेत वरच्या कॅसेट बऱ्या होत्या, म्हणजे नुसत्या भिजलेल्या. खालच्या थरातल्या काळ्या चिखलात रुतल्या होत्या, काहींची प्लॅस्टिकची खोकी तडकलेली, एकीतून फीत बाहेर येऊन दुसरीभोवती गुंडाळलेली. लेबलं सगळ्यांचीच धुऊन गेलेली. म्हणजे कुठली काय, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी कचऱ्याचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, परत दोन दिवस येणार नाही म्हणत होता. मी साखरेचं रिकामं पोतं घेतलं आणि खालच्या थरातल्या एकेक करून त्यात टाकल्या. टाकताना मोजल्या. कशाला मोजल्या कुणास ठाऊक, आईचाच मुलगा. अकरा. पोतं ट्रॉलीत भिरकावलं, त्याचा गादीवर पडल्यासारखा मऊ आवाज झाला, कारण खाली खरोखरच कुणाच्या तरी गाद्या होत्या. आई मागल्या दारी भांडी घासत होती. तिनं विचारलं तेव्हा मी म्हणलं, सगळ्या पुण्याला नेतोय, तिथे एक जण करून देतो.

आता एवढं बोललोच आहे तर पुढचंही सांगतो. राहिलेल्या कॅसेट मी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च गाठ मारून नेल्या आणि फ्लॅटच्या माळ्यावर टाकल्या. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मूर्खपणाची. ओली कॅसेट पिशवीत कोंडून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण देऊन वर पाट-पाणी करण्यासारखं आहे. पण परत आल्यावर ऑफिस, ईएमआय, ट्रॅफिक, आणि खरं कारण हे की ती पिशवी बघितली की मला पोतं आठवायचं. मग २०२० चा मार्च आला, सगळं बंद झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात घरातले सगळे ड्रॉवर आवरून झाल्यावर माळाच राहिला होता.

पिशवी उघडली तर आत बर्फ पडल्यासारखं. फितीच्या रिळांवर पांढरी बुरशी, चक्राकार, कापसासारखी. मास्क तर तोंडाला होताच. मिरजेच्या त्या शूटिंगवाल्या काकांना फोन लावला, ते आता सत्तरीचे, त्यांना ऐकू कमी येतं पण कॅसेटचं नाव काढल्यावर सगळं ऐकू आलं. पहिलं वाक्य काय, तर "मशीनला लावलीस का? लावली असशील तर फोन ठेव." लावली नव्हती, कारण मशीनच नव्हतं. मग त्यांनी रोज संध्याकाळी तासभर शिकवणी घेतली. खोक्याला पाच स्क्रू असतात, उलटी करून उघडायची, वरचं झाकण सरळ उचलायचं नाहीतर स्प्रिंग उडते आणि मग ती सोफ्याखाली शोधत बस. ऊन नाही, हेअर ड्रायर तर अजिबात नाही, फीत आकसते आणि लाटा पडतात. गाळ असेल तर आधी पाण्यानं धुवायची. नळाच्या नाही, डिस्टिल्ड. मी म्हणलं लॉकडाउनमधे डिस्टिल्ड वॉटर कुठून आणू? तर म्हणाले, "अरे बॅटरीचं पाणी! गॅरेजवाला देईल की." आणि खरंच दिलं, शटर अर्धं उघडून, पाच लिटरचा कॅन.

तेवीस कॅसेट. एकेकीला दोन दोन दिवस. फीत म्हणजे केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकची पट्टी, अर्धा इंच रुंद, तीन तासांच्या कॅसेटमधे जवळजवळ अडीचशे मीटर. ती बॅटरीच्या पाण्यातून काढून, पंख्याखाली सैल ठेवून, मग लिंट नसलेल्या फडक्याच्या चिमटीतून हळूहळू दुसऱ्या रिळावर हातानं गुंडाळायची. फडक्यावर आधी पांढरं येतं, मग तपकिरी. पांढरं आलं तर आनंद, ती बुरशी. तपकिरी आलं तर छातीत धस्स, कारण ते चित्र असतं. फितीवरचा लोखंडाच्या गंजाचा जो थर, त्यातच सगळं साठवलेलं, आणि तो सुटला की मागे राहते नुसती पारदर्शक पट्टी, खिडकीच्या काचेसारखी. एका कॅसेटमधे असे सहा-सात मीटर माझ्या चिमटीतून आरपार झाले. त्यात कोण होतं ते आता फडक्याला माहीत.

बायको म्हणाली, तू एवढ्या हळुवारपणे कधी पोळी पण उलटली नाहीस.

काकांनी एक गोष्ट अशी सांगितली जी अजून डोक्यातून जात नाही. फितीवर चित्र मधे असतं. आवाज वरच्या काठावर, एक मिलिमीटरची पट्टी, आणि खालच्या काठावर कंट्रोल ट्रॅक, ज्यानं मशीनला वेग कळतो. कॅसेट घट्ट गुंडाळलेली असते, त्यामुळे पाणी आणि गाळ आत घुसतो तो काठाकाठानं. "म्हणून आधी आवाज जातो बघ," काका म्हणाले, "माणसं राहतात." ते असलं काही काव्य वगैरे करणारे गृहस्थ नव्हेत, लगेच पुढे म्हणाले की खालचा काठ गेला तर माणसं पण उड्या मारायला लागतात.

लॉकडाउन उठल्यावर जुन्या बाजारातून अठराशेला व्हीसीआर मिळाला. नवा आता जगात कुठेच बनत नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत शेवटचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे हेड झिजलं की संपलं. दर कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, कोरोनाच्या कृपेनं ते घरात लिटरभर होतं. धुतलेली रिळं चांगल्या रिकाम्या खोक्यात बसवायची, लावायची, आणि श्वास रोखून बसायचं. तेवीसपैकी चौदा चालल्या. चालल्या म्हणजे कशा, तर मुंग्या, मग निळा पडदा, मग अचानक अर्ध्या पडद्यावर आत्याचं डोकं आणि उरलेल्या अर्ध्यावर तिचीच साडी शेजारी सरकलेली. बहुतेकांना आवाज नाही, किंवा विहिरीच्या तळातून आल्यासारखा. काही घरचे लोक मला पूर्वी कधी इतके शांत दिसले नव्हते.

आणि मग ती कॅसेट. धुतानाच मला तिचं वेगळेपण दिसलं होतं. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेचा एक छोटा प्लॅस्टिकचा दात तोडून टाकायचे, बाबा प्रत्येक कॅसेटचा तोडायचे. हिचाही तोडलेला होता, पण त्या भोकावर पिवळट पडलेला सेलोटेपचा तुकडा होता. नव्वद सालातल्या मुलांना सांगायला नको सेलोटेप लावला की काय करता येतं ते. लावली तर समोर हिरवंगार मैदान आणि कोपऱ्यात दूरदर्शनचा गोळा. ९ मार्च १९९६, बंगलोर, पाकिस्तानविरुद्धची क्वार्टर फायनल. आमिर सोहेल चौकार मारून प्रसादला बोट दाखवतो, आणि पुढच्या बॉलला त्याचा ऑफ स्टंप उडतो. वाळवून वाळवून बोटांची कातडी गेलेली आणि हाती काय तर जी गोष्ट यूट्यूबवर कधीही फुकट दिसते ती. चडफडत पुढे ढकलत गेलो. आपण एकोणचाळीस रननी जिंकलो, लोकांनी स्टेडियममधे कागद पेटवले, बक्षीस समारंभ, एक जाहिरात अर्धी, आणि खट्.

मैदान गेलं आणि आमचं मागचं अंगण आलं.

ही माझी मुंज होती. मे १९९५. वहीत ७ नंबरपुढे बाबांच्या सुरेख अक्षरात लिहिलंय, 'मुंज, भाग २', आणि कुठेही खाडाखोड नाही. मॅच ऐन रंगात आली, घरात कोरी कॅसेट नव्हती, त्यांनी जी हाताला लागली तिला सेलोटेप लावला, आणि सकाळी शुद्धीवर आल्यावर वहीला हात लावायची हिंमत झाली नाही. माझं मातृभोजन, भिक्षावळ, सगळं व्यंकटेश प्रसादनं खाल्लं. आम्ही मुंजीची कॅसेट बघायची म्हणलं की ते नेहमी भाग १ लावायचे आणि भाग दोनला "हेड खराब आहे" म्हणायचे. एकवीस वर्षं! असा राग आला, आणि रागात हसू आलं, आणि मग सांगायला कोणी नाही म्हणून दोन्ही तसंच राहिलं.

पण मॅच संपल्यावर कॅसेटची चार मिनिटं उरली होती. मुंजीतली ती चार मिनिटं जी कोणी मुद्दाम जपून ठेवली नसती. मांडव अर्धा सोडलेला. आचाऱ्याची माणसं पातेली घासतायत. मी मुंडण केलेला, सतरंजीवर आडवा, तोंड उघडं टाकून झोपलेला. कॅमेरा फिरत फिरत ओसरीकडे जातो आणि तिथे आई बसलीय, सगळ्यांच्या शेवटी जेवायला, एकटी. तेहेतीस वर्षांची. म्हणजे आज मी आहे त्यापेक्षा लहान. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, पत्रावळीवर गार झालेला मसालेभात आणि एक जिलबी. ती भात कालवते, वर बघते, कॅमेरा दिसतो, डाव्या हातानं तोंड झाकते आणि हसत काहीतरी बोलते. एक पूर्ण वाक्य. बराच वेळ. आणि आवाज नाही. वरचा काठ कृष्णेनं नेलेला.

सांगलीला गेलो तेव्हा पेन ड्राइव्ह लावून तिला दाखवलं. बाबांच्या मॅचवर ती काही बोलली नाही, नुसतं "हं" केलं, ज्यात फ्रीजपासूनचं सगळं आलं. मग ओसरी आली. मी विचारलं, काय म्हणतेयस? ती लगेच म्हणाली, "मठ्ठा संपला, कुणी ठेवला पण नाही माझ्यासाठी, असं म्हणतेय." दिवाळीत ताई आली, परत लावलं. ताईनं विचारलं तर म्हणाली, "बंद करा ते, जेवताना काय काढायचं, असं." आणि नंतर एकदा मावशीसमोर तिसरंच, "तुम्ही जेवलात का, असं विचारतेय ह्यांना." तिन्ही वेळा तितक्याच खात्रीनं. मी ओठ बघून बघून जुळवायचा प्रयत्न केला, पण ओठांवर तर हात आहे.

तर हे झालं मिळालेल्याचं. उरलेल्यांबद्दल तिनं विचारलं की मी म्हणायचो, अजून दिलेल्याच आहेत, तो माणूस फार सावकाश काम करतो. २०२१ ला परत पाणी आलं, वही तिनं वरच्या मजल्यावर नेली. मी आपला तो कल्पनेतला सावकाश माणूस पाच-सहा वर्षं पोसत राहिलो, त्याच्या आईचं आजारपण, त्याचं दुकान बदलणं, सगळं. खरं सांगतो, त्याचा चेहरापण मला दिसायला लागला होता.

गेल्या महिन्यातल्या त्या फोननंतर मी शनिवारी गाडी काढली. चहा झाल्यावर म्हणलं, आई, त्या कॅसेट नाहीत. मीच टाकल्या, ट्रॅक्टरमधे. अकरा.

"बारा," ती म्हणाली.

वही काढून आणली, चष्मा लावला. पस्तीसातून तेवीस गेले बारा. मी म्हणलं, मी मोजून टाकल्यात, अकराच होत्या. ती वहीवर बोट ठेवून बसली, बराच वेळ, मागे टीव्हीवर कुणाचंतरी सासू-सून चाललेलं. मग एकदम तिचा चेहरा पडला. "व्हीसीआरमधे एक होतीच की," ती म्हणाली. बाबा शेवटी शेवटी दुपारी काहीतरी लावून बसायचे. ते गेल्यावर तो व्हीसीआर कोणी चालू केला नव्हता, टीव्हीखालच्या कपाटात तसाच होता, पुरात तसाच बुडाला. आणि पाणी उतरल्यावर गल्लीत फ्रीज, वॉशिंग मशीन किलोवर घेणारे भंगारवाले फिरत होते तेव्हा तिनंच तो उचलून दिला होता. "चाळीस रुपये आले," ती म्हणाली. हा आकडाही तिच्या लक्षात होता.

आम्ही वहीत न सापडलेल्या नंबरांवर पेन्सिलनं टिकल्या केल्या. ३, औदुंबर. ८ आणि ९, ताईचं केळवण वगैरे. १४, आजीची पंचाहत्तरी. असं खाली खाली जात १९ ला आलो, तिथे नुसतं 'किरकोळ' लिहिलंय. बाबा कॅमेरा ओट्यावर, खिडकीत कुठेही चालू ठेवून विसरायचे, ते सगळं बहुतेक त्यात. आईनं पेन्सिल तिथे थांबवली.

"ही असेल मशीनमधे."

मला ते तीन वेगवेगळे मठ्ठे आठवले. म्हणलं, कशावरून?

"मी आत असायचे ना दुपारची. मधेच कुकरची शिट्टी ऐकू यायची," ती म्हणाली. "आणि मी कुकर लावलेलाच नसायचा. दोनदा उठून गॅस बघून आले होते."